नंदाची राखण

उस्मानाबाद जिल्ह्यात दुष्काळातल्या ऐन मे महिन्यात थंडीनं काकडलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो मी.

त्याचं झालं असं. एका सहकारी संस्थेनं उस्मानाबादेत कॉम्प्युटरचा वर्ग काढला. तेर गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या कांबळे गुरुजींनी आपल्या सुजाताचं नाव लगेच घातलं. बौद्धाच्या घरात पोरीनं शिकायचं नाही तर काय करायचं, असं ते म्हणायचे. आमच्याकडं (आम्ही लिंगायत, किराणावाले) पोरानं गादीवर बसायचं आणि पोरीनं सासरी जायचं, असं पाळण्यातच ठरलेलं. माझी धाकटी बहीण नंदा शाळेत पहिली आलेली. तिला सुजातासंगं शिकून कॉम्प्युटरवर नोकरी करायची होती. तिनं जेवण सोडलं. (मला काय व्हायचंय, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर एसटीचा कंडक्टर.)

शेवटी आमचे वडील, आप्पा, म्हणाले, "जा. पर ह्यो राखणीला संगं पायजे. राखण चुकली की वर्ग बंद."

पोरी आत शिकायच्या आणि मी व्हरांड्यात भाजून निघायचो. मग कळलं, कॉम्प्युटरला उकाडा सोसत नाही म्हणून आत एसी लावलाय. आमच्या गावात माणसांना टँकर येईना, आणि यंत्राला गारवा! एका दुपारी मी हळूच आत शिरलो आणि मागच्या कपाटाआड टेकलो. जागा झालो तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि एसी बंद करायला सर विसरले होते. त्याचं बटण मला काही सापडेना. दात वाजायला लागले तसं मी कॉम्प्युटरवरचं कापड ओढून अंगावर घेतलं.

पोरींनी मला सगळीकडं हुडकलं, पण वर्गाला कुलूप लावून सर घरी गेलेले, म्हणून शेवटच्या एसटीनं दोघी तेरला परतल्या. नंदा रडतच दुकानासमोर उभी राहिली.

"आप्पा, दादा हरवला."

"आन तुमी दोघी?"

"आमी आलो की, काका," सुजाता म्हणाली.

"वर्ग बंद करा," नंदा म्हणाली, "पर आधी त्याला आणा. एसीच्या खोलीत बघा. गारव्याला लई हावरट हाय त्यो."

आप्पा आणि गुरुजी ट्रकनं आले. सरांनी कुलूप काढलं. कापड पांघरून बसलेल्या माझ्याकडं आप्पांनी बराच वेळ बघितलं.

"थंडी वाजती व्हय?"

"व्हय आप्पा."

त्यांनी मला दंडाला धरून ट्रकमध्ये चढवलं.

सकाळी नंदा डोळे सुजवून भाकरी थापत होती. आप्पांनी माझा एसटीचा पास माझ्या खिशातून काढला आणि तिच्यापुढं ठेवला.

"ह्योबी तुझ्याजवळच ठिव."

"म्हंजे? वर्ग?"

"जा की. पर ह्याला मोकळा सोडू नगंस. डोळ्याम्होरं बसीव."

भाकरी तव्यावर करपली, तरी नंदा हसतच होती.

पुढं ती पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरीला लागली आणि मी गादीवर बसलो. अजूनही तिच्याकडं निघालो की ती फोनवर बजावते, "दादा, कंडक्टरला सांगून ठेव, पुणं आलं की उठवा म्हणून." व्हायचं होतं कंडक्टर, झालो कंडक्टरच्या ताब्यातलं सामान.