घोट्यावरचे बारा हजार

आमच्या दुकानात कापड कापतो तो मास्तर आणि शिवतो तो मी. तीस वर्षं झाली. तो दिवसभर उभा, मी बसलेला. गिऱ्हाईक आलं की मास्तरांना विचारणार, कोट अंगावर बरा बसला की मास्तरांचा हात म्हणणार. शिवण काय आभाळातून पडते? जाऊ द्या. तेही गिळलं मी. पण साखरेतसुद्धा यानेच माझ्यापुढे जावं, हे काही मला पचेना.

साखर दोघांना एकाच वर्षी निघाली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकदमच सुनावलं, रोज चाला, नाहीतर इंजेक्शनं घ्यायची तयारी ठेवा. मास्तर दुसऱ्या दिवसापासून चालायला लागला. पहाटे तळ्याला तीन फेऱ्या, जेवण झालं की कापायच्या टेबलाभोवती, फोन आला तरी चालत चालतच बोलणार. चार महिन्यांत त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला आणि तीन महिन्यांची सरासरी साखर नऊवरून साडेसहावर आली. माझी नऊ ती नऊच. घरी बायकोच्या तोंडी उठता-बसता मास्तरभावोजींचं कौतुक. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात त्याच्या लेकीने पावलं मोजणारी दोन घड्याळं आणली, एक बापाला, एक मला. मग रोज दुकान बंद करताना आकडे बघणं आलं. त्याचे आठ हजार, माझे अकराशे. तो कधी हसायचा नाही, हेच जास्त झोंबायचं. हसला असता तर भांडता तरी आलं असतं.

एक दिवस मी घड्याळ मनगटावरून काढलं आणि पँटच्या आत घोट्याला बांधलं. माझी मशीन पायाची. पाय हलेल तशी पावलं वाढत गेली. संध्याकाळी आकडे बघायच्या आधी गुपचूप परत मनगटावर चढवलं, तर बारा हजार! मास्तराचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढं चाललास कधी, म्हणून विचारत राहिला. पहाटे, तू उठायच्या आधी, असं मी ठोकून दिलं. पाय तर हलतातच ना, अशी मनाची समजूतही घातली.

पंधरा दिवस माझेच आकडे वर. मास्तराच्या फेऱ्या वाढल्या. परवा तर जेवायच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून चालायला गेला, आणि आल्या आल्या कात्री हातात घेतली. तीस वर्षांत ज्याची रेघ हलली नाही, त्याची कात्री कोटाच्या कापडात तिरकी शिरली. मान वर करून बघतो तर घामाने निथळतोय, हात लटलटतायत. सकाळची गोळी घेतलेली, पोटात अन्नाचा कण नाही. साखर पार खाली गेली होती. मी धावत जाऊन साखरेचं पाणी पाजलं.

थोड्या वेळाने त्याला हुशारी आली. म्हणाला, "तुझे बारा हजार गाठायचे होते रे. तीस वर्षांत पहिल्यांदा तुझा हेवा वाटला."

जे ऐकायला मी इतकी वर्षं तळमळलो, ते असं कानावर आलं. मी पँट वर केली आणि घोटा दाखवला.

"मी चाललोच नाही, मास्तर. एक दिवसही नाही."

तो घोट्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हाताला लागेल ते फेकून मारतो. मारायलाच हवं होतं.

"म्हणजे तुझी साखर अजून नऊच?" त्याने विचारलं.

एवढं सगळं होऊन याला काळजी माझीच. आता सांगा, अशा माणसाचा हेवा करायचा तरी किती?