पुढं सरका

आधी कंडक्टर तात्यांचं नाव घेतो, मग पायांचं सांगतो. लातुरात मी भाड्यानं राहायचो, तिथं शेजारच्या खोलीत ते एकटेच असायचे. सारा जन्म लातूर-नांदेड गाडीवर गेलेला. रिटायर झाले तरी हात तसाच पुढे यायचा, तिकिटाचे पैसे मागितल्यासारखा. फक्त आता त्यांना तंबाखू लागायची.

"टेलर, आण इकडं."

आठवीतून शाळा सोडून मी अर्धापूरच्या बाजूनं आलेलो. शाळेचे गणवेश शिवायच्या दुकानात दिवसभर मशीनवर बसायचो. तंबाखू मळली आणि समोर तळहात आला, की नाही म्हणायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. मी अर्धी पुढे करायचो, तात्या सगळीच उचलून मूठ मिटायचे. किती खातो हा म्हातारा, असं वाटायचं.

त्या थंडीत माझे पाय गार पडायला लागले. आधी मुंग्या, मग बधिर. चुलत्याचा पाय कापलेला मी पाहिला होता, त्यामुळं धसकाच घेतला. पाय गेला तर मशीन कशानं चालवू? गावाकडं फोनवर मात्र "बरं हाय" म्हणायचो. शेवटी घाबरून तापलेल्या विटेवर पाय ठेवले. चटका कळलाच नाही, फोड आले तेव्हा कळलं.

तात्यांनी फोड पाहिले आणि थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पायापर्यंत रक्त नीट पोचत नाही. तंबाखू बंद, रोज चालायचं, पाय उबदार ठेवायचे, पण शेकायचे नाहीत.

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "दारातच गर्दी झाली की गाडी भरत न्हाई. रक्तालाबी म्हनावं लागतंय, पुढं सरका!"

फोड सुकल्यावर रोज सकाळी दारावर तात्यांची थाप पडू लागली, की आम्ही दोघं चालायला निघायचो.

"तात्या, पिंडरी दुखायली."

"मग थांब घडीभर. स्टॉप हाय म्हन. डेपो न्हाई."

दुपारी दुकानात फोन यायचा, "उठलास का, का बूड चिकटलं खुर्चीला?"

तंबाखूवाचून मी चिडचिडा झालो होतो. एकदा बोलून गेलो, "माझी सगळी तुम्हीच खाल्ली, आन् आता मला शिकवायलाव?"

तात्या हसले. त्यांनी खाटेखालचा पत्र्याचा डबा ओढून माझ्यापुढं ठेवला. मी मळून दिलेली तंबाखू त्यात वाळून पडली होती. मग उन्हाळ्यातही कधी न काढलेला पायमोजा त्यांनी काढला. दोन बोटं नव्हती.

"हे दोन पाशिंजर मधीच उतरले. तंबाखूनंच उतरवले. तुझे तरी शेवटापर्यंत जाऊ दे."

हळूहळू माझ्या पायांत ऊब आली. तपासणीला गेलो की डॉक्टर आता "चालत राहा" एवढंच म्हणतात. तात्या मात्र गेल्या वर्षी मुलाकडं नांदेडला गेले. गाडीच्या पायरीवरून ओरडले, "उभा का? सरक पुढं!"

परवा त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, तात्या खुर्चीतून उठायलाच नको म्हणतात.

एक दिवस मी नांदेडला जाणार आहे. त्यांच्या खुर्चीपुढं उभा राहून तळहात पुढे करणार आहे. समोर आलेल्या हाताला नाही म्हणायचं नसतं, हे त्यांनाही माहीत आहे. मग स्टॉप घेत घेत, गोदावरीच्या घाटापर्यंत त्यांना चालवत नेईन.