व्रणासकट

आमच्या ह्यांना सगळे फोटोमास्तर म्हणतात. स्टुडिओला चाळीस वर्षं झाली. चष्म्याच्या दुकानावर, एक जिना चढून. बाहेर बाक आणि आरसा, आत पडदा, स्टूल नि दोन दिवे, आणि त्यामागे काळोखी खोली. तिथे मलासुद्धा विचारल्याशिवाय पाऊल टाकायची सोय नाही.

खरं सांगायचं तर फोटो काढणं हे ह्यांचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं पेन्सिलीचं. फिल्मचे दिवस होते तेव्हा हे निगेटिव्ह काचेवर ठेवायचे, खालून उजेड सोडायचे आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं त्यावर बारीक ठिपके देत बसायचे. निगेटिव्हवर ठिपका पडला की फोटोत तेवढी जागा उजळते. सुरकुती गायब, मुरूम गायब, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब! "आरशात बघताना माणूस मनातल्या मनात एवढं पुसूनच बघतो," म्हणायचे. "मी तेच कागदावर आणतो." गिऱ्हाइकं खूश. तक्रार होती ती फक्त माझी.

माझ्या डाव्या गालावर डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत काळसर व्रण आहे. लग्नाला सहा महिने झाले होते. मी स्टुलावर बसले होते, हे दिवा सरकवत होते. स्टँड कलंडला, दिवा फुटला आणि काच माझ्या गालात. अकरा टाके. त्या दिवसानंतर ह्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण माझ्या एकाही फोटोत तो व्रण राहू दिला नाही. सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मात्र राग यायला लागला. एकदा अल्बम पुढ्यात आपटून विचारलं, "अहो, ही कोण बया बसलीय तुमच्या शेजारी?" ह्यांनी अल्बम उचलला, पुसला आणि कपाटात ठेवून दिला. झालं!

आता मूळ गोष्ट. आमची एकुलती एक लेक लांब राहते, मधे समुद्र, विमानाशिवाय वाट नाही. तिचे दिवस भरत आले होते. बाळ आडवं, म्हणून ऑपरेशनची तारीख ठरली, बारा. जावई जहाजावर, दोन महिने तरी यायचा नाही. "आई, तू असलीस ना, की मला भीती नाही वाटायची," लेक फोनवर म्हणाली आणि रडायलाच लागली. नऊ तारखेचं तिकीट काढलं. तेवढ्यात सरकारचा नवा नियम आला. एक तारखेपासून विमानाला नवं ओळखपत्र हवं, जुनं चालणार नाही. बोटांचे ठसे, डोळे, चेहरा सगळं यंत्रात घेणार आणि जुन्या नोंदीशी ताडून बघणार.

म्हटलं, घ्या. माझं काय जातंय?

कचेरीत आम्ही दोघांनी दोन तास रांगेत काढले. खिडकीवरच्या बाई तशा बऱ्या होत्या, पाणी विचारलं. यंत्रानं माझा फोटो काढला, लाल दिवा लागला. पुन्हा काढला, पुन्हा लाल. बाईंनी जुना अर्ज उघडला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"काकू, बावीस वर्षांपूर्वीच्या या फोटोत गालावर काही नाही. अर्जातही लिहिलंय, ओळखीची खूण: नाही. ही खूण कधीची?"

"छत्तीस वर्षांपूर्वीची."

"मग इथे 'नाही' कोणी लिहिलं?"

मी मागे वळून पाहिलं. हे भिंतीवरची सूचना वाचत होते. एकच ओळ होती त्या सूचनेत, पण वाचून संपेना.

बाई म्हणाल्या, "तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण दुसऱ्याच्या नावावर कार्ड काढणारे येतात, म्हणून तर हे सगळं कडक झालंय. त्या वेळीही ही खूण होती, असा एक जुना फोटो आणा. मग साहेबांची सही मी घेते."

एक जुना फोटो! फोटोमास्तरांच्या घरात फोटोंना काय तोटा? बारा अल्बम काढले. ट्रंक उपसली. लेकीच्या बारशापासून तिच्या लग्नापर्यंत सगळीकडे मी, गाल कसा अगदी लोण्यासारखा. शेजारणीकडे विचारलं, नणंदेकडे विचारलं. तिच्या लग्नातले फोटो तरी? तेही ह्यांनीच काढलेले. कपाळावर हात मारला मी.

मग जे काही तोंडाला आलं ते बोलले. "स्वतःच्या हातानं बायकोला पुसून टाकलंत! आता लेक तिकडे एकटी टेबलावर जाणार आणि मी इथे तुमचे अल्बम बघत बसणार. मला तो दिवा कधीच लागला नव्हता हो मनाला, चूक कोणाकडूनही होते. पण प्रत्येक वेळी तुम्ही तो गाल घासून काढलात ना, ते लागलं."

हे खाली मान घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "मला बघवायचं नाही. तो दिसला की काच फुटल्याचा आवाज यायचा कानात."

छत्तीस वर्षांत हे पहिलं वाक्य. माझा निम्मा राग तिथेच ओसरला. निम्मा ठेवला, असू दे म्हटलं.

तेवढ्यात हे एकदम उठले. "अगं, पेन्सिल आहे ती! शाई नव्हे!" चप्पल उलटसुलट घालून निघाले. मी मागोमाग. काळोख्या खोलीत वर्षावार खोकी लावलेली, प्रत्येक पाकिटावर तारीख नि नंबर. बावीस वर्षांपूर्वीचं पाकीट पाचव्या खोक्यात सापडलं. त्यात माझी निगेटिव्ह, त्याच अर्जासाठी काढलेली. कापसाला टर्पेंटाइन लावून ह्यांनी ती पुसायला घेतली. कापूस करडा झाला. मग कागदावर छापली, कागद औषधात टाकला आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. आधी केस आले, मग डोळे, मग गळ्यातली माळ, आणि मग तो आला. डोळ्याखालून थेट हनुवटीपर्यंत. मी रडले. तरुण होते हो मी! आणि छान दिसत होते, व्रणासकट.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तीच माळ, कपाळावर आलेली तीच बट, ब्लाऊजची तिरकी झालेली तीच कॉलर. भिंग लावून बघितलं, पाकिटावरची तारीख बघितली, निगेटिव्ह उजेडात धरली. "असा पुरावा मी आजवर पाहिला नव्हता," म्हणाल्या आणि आत गेल्या. सही घेऊन आल्या. सात तारखेला कार्ड हातात पडलं.

नऊला विमानतळावर हे काचेच्या दारापर्यंत आले. स्टुडिओ बंद ठेवून. आतल्या पोलिसानं कार्ड बघितलं, मला बघितलं, "जा आजी" म्हणाला. आजी! अजून तीन दिवस होते, पण मी काही त्याला दुरुस्त केलं नाही.

लेकीनं दार उघडलं. केवढं ते पोट! मला कवटाळलं आणि पहिल्यांदा काय केलं, तर त्या व्रणावर ओठ टेकवले. लहानपणापासून तिची तीच जागा. झोपतानाही त्यावरून बोट फिरवत झोपायची. "आता मला काही होत नाही," म्हणाली.

ह्यांना फोन करून हे सांगितलं.

"दोघींचा एक फोटो पाठव," म्हणाले. "जसा येईल तसा."