एका हाताचा नमस्कार

आमच्या भजनी मंडळात माझी ख्याती मोठी होती. टाळ हातात घेऊन बसलो की दुसऱ्याच अभंगाला माझे डोळे अर्धे मिटायचे, आणि बायका एकमेकींना कोपराने ढोसून म्हणायच्या, "बघा, काका लागले ध्यानाला." एकदा तर एका आजीबाईंनी भजन संपल्यावर चक्क माझ्या पाया पडून नातीच्या परीक्षेसाठी आशीर्वाद मागितला. मी दिलाही. आता खरं सांगून टाकतो. मी ध्यानात वगैरे काही नसायचो. माझ्या पापण्या पडत होत्या. आतून मी टक्क जागा असायचो, आणि बहुतेक वेळा आज प्रसादाला शिरा आहे की नुसतेच फुटाणे, याचा अंदाज घेत असायचो.

ध्यान भजनात खपतं, कारखान्यात खपत नाही. ओझरला मी तपासणीच्या कामावर आहे. तयार भाग मापात बसतो की नाही ते बघायचं. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आणि मला मापं दिसेनात. हनुवटी वर केली, कपाळाला आठ्या घातल्या, शेवटी रंगकामाची चिकटपट्टी कापून पापण्या वर चिकटवल्या. संध्याकाळी ती काढताना अर्धी भुवईही गेली. मग एक दिवस द्वारका चौकात मी लाल दिव्यात स्कूटर घातली. लाल दिवा सगळ्यात वर असतो, आणि वरचं जग माझ्यासाठी कधीच बंद झालं होतं. एक ट्रक हातभर अंतरावरून गेला. त्या दिवशी आमच्या सौभाग्यवती सुनंदाबाईंनी स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात पुरली आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एका पांढऱ्या घुमटात माझं तोंड घालायला लावलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. एकदा आहे तसं, आणि एकदा पापण्या पट्टीने वर चिकटवून. मग दोन्ही वेळचे छापून आलेले कागद शेजारी ठेवले. पहिल्याचा वरचा, मला न दिसलेला भाग काळाकुट्ट होता. "कातडी सैल पडलीय आणि पापणी उचलणारा स्नायूही ढिला झालाय. जादाची कातडी काढायची, स्नायू आवळायचा, टाके घालायचे."

"म्हणजे अल्टर करायचं," मी म्हणालो. माझे वडील देवळ्याला शिंपी होते.

त्या हसल्या. मी मात्र घरी येऊन घाबरलो. डोळ्याजवळ कात्री, आणि तीही आपण जागे असताना! एक तारीख सर्दीच्या नावाखाली पुढे ढकलली, दुसरी अमावास्येच्या.

या पापण्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या. त्यांच्याही अशाच होत्या. यंत्रावर बसले की मान मागे टाकून शिवायचे, नाकाच्या शेंड्यावरून टाक्याकडे बघायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, शिंपी मोठा तोऱ्यात आहे. सुई ओवायची असली की डाव्या अंगठ्याने पापणी उचलायचे, उजव्या हातात सुई धरायचे आणि दोरा मला ओवायला सांगायचे. त्या अंगठ्याला कायम यंत्राच्या तेलाचा वास. चैत्रात आम्ही सगळे एसटीने वणीच्या गडावर जायचो. देवीची मान जराशी कललेली आहे. अण्णा म्हणायचे, "ती मान कलती करून ऐकते, मी मान वर करून बघतो. आमचं दोघांचं जमतं." आणि गाभाऱ्यासमोर आले की ते उजवा हात छातीशी उभा धरायचे आणि डावा कपाळावर ठेवायचे. एका हाताचा नमस्कार.

मी तेव्हा कॉलेजात होतो, आणि कॉलेजातल्या माणसाला आई-बापांची जेवढी लाज वाटते तेवढी नंतर कधी कशाची वाटत नाही. एका वर्षी रांगेत माझ्या वर्गातली दोन मुलं होती. मी अण्णांच्या कानात खेकसलो, "दोन्ही हात जोडा ना! लोक बघतात." अण्णांनी कपाळावरचा हात काढला आणि दोन्ही हात नीट जोडले. पुढच्या प्रत्येक चैत्रात तसेच जोडले. गडावरून उतरताना ते विचारायचे, "आज देवीला पातळ कुठल्या रंगाचं होतं रे?" मला वाटायचं, म्हातारा विसरभोळा झाला. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आरशासमोर अंगठ्याने माझी स्वतःची पापणी उचलली, तेव्हा कुठे मला त्या प्रश्नाचा अर्थ लागला: कपाळावरचा हात गेला, आणि त्याबरोबर त्यांना दिसणारी देवीही.

तिसऱ्या तारखेच्या चार दिवस आधी मी म्हटलं, गडावर जाऊन देवीला विचारून येतो. विचारून कसलं, मनात होतं की तिने नको म्हणावं. नारळ फुटता फुटला नाही, नैवेद्य सांडला, काहीही चाललं असतं. शकुनांच्या बाबतीत मी उदार आहे. सुनंदा म्हणाली, "जा. पण येताना तिचं नाव पुढे करून पळवाट आणू नका." आणि ओटीचं भरलेलं ताट माझ्या हातात दिलं.

रांग सरकत गाभाऱ्यासमोर आली. मी मान मागे टाकली, आणखी टाकली, आणि मागच्या बाईच्या अंगावर धडकलो.

"मान मोडंल ना रं बाबा! देवीपुढं पन झोपतो का काय?"

"झोपत नाही हो मावशी, पापण्या उचलत नाहीत. दोन्ही हातांत ताट आहे."

"मंग सांगायचं ना तसं!" असं म्हणून तिने मागूनच माझ्या कपाळावर दोन्ही हात ठेवले आणि अंगठ्यांनी माझ्या पापण्या सरळ वर ओढल्या. खरखरीत, भेगाळलेले अंगठे. "आता बघ. बिगी बिगी बघ, मागं लोक हायती."

आणि मी पाहिलं. शेंदरी अंग, हिरवं पातळ, आणि ते मोठे, टपोरे, उघडे डोळे. कित्येक वर्षांत मी देवीची पावलंच पाहून परत येत होतो, हे मला त्या क्षणी कळलं. विचारायचं सगळं विसरून गेलो. "दिसली का? मंग हेच काम तिथं डाक्टरला करू दे की," ती बाई म्हणाली. आता हिला डॉक्टरचं कुणी सांगितलं? माझ्या भुवईवर पट्टीचे वण होते. कदाचित ते बोटांना लागले म्हणून म्हणाली असेल. सेवेकरी "चला, चला" करत होता. तिने हात काढले, पापण्या पडल्या, आणि मी वळलो तेव्हा मला दिसलं ते एवढंच: हिरव्या लुगड्याचा काठ आणि पायरी उतरणाऱ्या भेगाळ टाचा. सुरगाण्याकडची कुणी असेल. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही. हे जसं घडलं तसं सांगितलं; यापुढे मी काही म्हणत नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीची सुई चांगलीच टोचली, हे लपवत नाही. नंतर दुखलं नाही. फक्त कुणीतरी कापड ओढतंय असं वाटत राहिलं. मधेच डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "डोळे उघडा. वर बघा. मिटा." एकदा उठवून बसवलं आणि दोन्ही बाजू सारख्या आल्यात का ते पाहिलं, जसे अण्णा गिऱ्हाइकाला उभं करून बाह्या बघायचे. तिथे माझी भीती गेली. म्हटलं, आता आपण कापड आहोत. शिवणारा बघून घेईल.

पुढचा आठवडा मात्र डोळे वांग्यासारखे सुजले आणि निळेजांभळे झाले. उशाला दोन उशा, थंड घड्या, मलमामुळे सगळं धुरकट. खाली वाकायला बंदी, म्हणून माझ्या चपला सुनंदा पुढे आणून ठेवायची आणि त्याचा उल्लेख रोज करायची. आठवड्याने टाके निघाले. काही दिवस पापण्या पूर्ण मिटेनात, डोळे कोरडे पडत, थेंब घालावे लागत. उजवा अजूनही किंचित मोठा दिसतो. "माझ्याकडे असं आश्चर्याने बघू नका," सुनंदा म्हणते, "मी काही केलेलं नाही." भजनात माझं ध्यान कायमचं सुटलं. त्या आजीबाई परवा हळहळल्या, "काका, तुमची साधना कमी झाली का हो?" मी हो म्हणालो.

चैत्रात गडावर गेलो. स्कूटर नाही नेली, एसटीनेच गेलो, अण्णांबरोबर जायचो तसा. दोन्ही हात जोडले आणि मान सरळ ठेवून पाहिलं. पातळ पिवळं होतं. देवीकडे मी पळवाट मागायला गेलो होतो, तिने उघडे डोळे दिले. आपण मागावं, काय द्यायचं ते तिच्यावर सोपवावं, आणि ते कुणाच्या अंगठ्याने येईल याची चौकशी करू नये, एवढंच मला समजलं आहे. मग मी डावा हात काढून कपाळावर ठेवला. तसाच उभा राहिलो, एका हाताचा नमस्कार करत. मागून एक तरुण आवाज आला, "काका, दोन्ही हात जोडा ना."

"जोडतो बाळा," मी म्हणालो. "वडलांना पातळाचा रंग सांगतोय. त्यांचं झालं की जोडतो."