खाडीकाकूंच्या दारातली पालखी

नगरला तोफखान्यात आमच्या शेजारी एक बाई राहायच्या. त्यांना रोजची भरती-ओहोटीची वेळ तोंडपाठ असायची. समुद्र तिथून घाटांच्या पार पलीकडे. आमच्याकडे पाण्याच्या नावाखाली सीना नदी, तीही वर्षातला बराचसा काळ नुसती वाळू. पण या बाई सकाळी पंचांगात तिथी बघायच्या, मनाशी काहीतरी आकडेमोड करायच्या आणि अंगणात धुणं वाळत घालता घालता जाहीर करायच्या, "आज दहाच्या सुमाराला पाणी चढेल हो!" ऐकणारे आम्ही. आमच्या नळाला पाणी कधी चढेल, ते मात्र त्यांनाही सांगता यायचं नाही.

गल्लीनं त्यांना खाडीकाकू असं नाव ठेवलं होतं. कुठलाही विषय काढा, काकू तो तिसऱ्या वाक्याला खाडीवर नेऊन उभा करत. कुणाचं बाळ रडलं तर खाडीवरच्या वाऱ्यानं पोरं कशी पटकन झोपतात, आमटी खारट झाली तर खाडीचं पाणी भरतीला किती खारट होतं. काका मूळचे नगरचेच. तरुणपणी रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून कोकणात गेले आणि रस्ता अर्धवट ठेवून बायको घेऊन आले, असं ते स्वतःच सांगायचे. मी ओळखत होते तेव्हा ते नागापूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. मूलबाळ नव्हतं. मी नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते आणि संध्याकाळचा माझा चहा बहुतेक त्यांच्याच ओट्यावर व्हायचा.

कोकणात जायचं म्हणून कुणी निघालं की काकूंकडे आल्याशिवाय त्याची सुटका नसे. लोक मोठमोठ्या देवस्थानांची नावं घेत, आणि काकू हात झटकत. "तिथं कशाला? तिथं सगळं जग जातं. मी सांगते तिथं जा." मग त्या सांगायच्या. अंजनवेलला गोपाळगड, त्याचा खडकात खोदलेला खंदक आधी बघायचा आणि मग तटावर चढून दाभोळच्या खाडीचं तोंड. वेळणेश्वराच्या देवळामागची माडांची वाडी. हेदवीला बामणघळ, म्हणजे काळ्या खडकातली एक अरुंद चीर, भरतीच्या वेळी लाट आत घुसते आणि पाणी माडाएवढं वर उसळतं. पुढे खाडीपलीकडे जयगड. यातलं एकही नाव नगरमध्ये त्या काळी कुणी ऐकलेलं नव्हतं. काकूंचा चेहरा मात्र असा फुललेला असायचा की समोरच्याला नाही म्हणवत नसे.

आमच्या गल्लीतला टेम्पोवाला बाबूराव असाच एकदा मित्रांना घेऊन गेला. काकूंनी पौर्णिमा बघून बजावलं होतं, "बामणघळीवर दुपारी बाराला हजर राहा." मंडळींनी वाटेत मासे बघितले, ताव मारला, माडाखाली ताणून दिली आणि संध्याकाळी सहाला घळीवर पोचली. तेव्हा ओहोटी. परत आला तो थेट काकूंच्या दारात. "काकू, लई लांब पाठवलं तुमी, अन् दावलं काय, तर खडकाची भेग!"

"बाराला जा म्हटलं होतं ना?"

"आवो, समुद्र काय, दुपारी हुता त्यो संध्याकाळीबी हायच की! त्यो कुटं जातोय?"

काकू दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच्या टेम्पोत भाजीच्या पाट्या चढत होत्या, तेव्हा ओट्यावरूनच म्हणाल्या, "बाबूराव, तुमच्या सीनेला पाणी कधी असतं ते तुम्हांला तरी सांगता येतं का हो?" बाबूराव हसला, काकूही हसल्या आणि भांडण मिटलं.

आम्हीही त्यांना नगर दाखवायचा चंग बांधला होता. एका रविवारी चांदबिबीच्या महालावर नेलं. काकू धापा टाकत वरपर्यंत आल्या, पश्चिमेकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "समुद्र दिसत नाही, तर एवढं उंच बांधलं कशाला?" काका म्हणाले, "झालं! आता हिला महाल पाडून हवा." पण शनिशिंगणापूरला गेलो तेव्हा मात्र काकूंनी खाडीचं नाव काढलं नाही. तिथल्या घरांना दारं नसतात, ते बघायला सगळे नवखे लोक धडपडतात. काकू एका तशा घरासमोर थांबल्या, पदर सावरला आणि हळूच बोलल्या, "इथं बरं आहे गो बाय. देवाला परत फिरावं लागत नाही."

त्या दिवशी येताना बसमध्ये मला सगळं कळलं. काकूंनी लोकांना हेदवीपर्यंत धाडलं, जयगड दाखवला, पण त्या दोहोंमधल्या स्वतःच्या गावाचं नाव कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईवडील गेले होते. एकुलता भाऊ मुंबईला गिरणीत, तो घराला कुलूप लावून गेलेला. माहेरच नाही म्हटल्यावर बाईमाणसानं जायचं कुणाकडे? त्यातून शिमग्याचं दुःख वेगळंच. शिमग्यात त्यांच्याकडे ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. अंगण सारवून ठेवायचं, पालखी टेकली की ओटी भरायची. मानकरी त्या घराच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवीला सांगतो. लांब दिलेल्या लेकी एरवी नाही आल्या तरी तेव्हा येतात. "आता आमच्या दाराला कुलूप. पालखी तशीच पुढं जात असेल," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "ते बघायला कशाला जायचं?"

मग दुष्काळ आला. त्या वर्षी आम्ही टँकरमागे पळालो, रात्रंदिवस हंडे मोजले. काकूंनी त्या सबंध वर्षात भरतीची वेळ मोठ्यानं सांगितली नाही. पंचांग मात्र रोज बघत. मला त्यांची ती शांतता फार लागायची. पुढं पाऊस झाला, विहिरींना पाणी आलं, आणि एके दिवशी काका स्वतःच म्हणाले, "यंदा शिमग्याला जाऊ. जे असेल ते बघू." काकूंनी नवा खण आणला. पिशवी दाराजवळच्या खुंटीला लावली. निघायला थोडेच दिवस राहिले असताना काकांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं जड झालं. काकूंचं बाहेर पडणंच संपलं.

होळीच्या आधी त्यांनी मला बोलावलं. खण, तांदूळ आणि हळदकुंकवाची पुडी माझ्यापुढं ठेवली. "नारळ तिथला घे. इथले वाळून खडखडीत झालेले असतात." मग माझा हात धरला. "पालखी आमच्या दारात थांबते का एवढं बघून ये. थांबत नसेल तर नाही म्हणून सांग. मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगायचं नाही. शपथ आहे." मी हो म्हटलं, गावाची वाट आणि घराची खूण त्यांच्याकडून समजून घेतली. माझ्या थोरल्या भावाला सोबत घेतलं आणि दोन एस.ट्या बदलत, कुंभार्ली घाट उतरून आम्ही गेलो.

समुद्र मी पहिल्यांदाच बघत होते. तो काकूंनी सांगितला होता तसाच निघाला, त्यामुळे मला तो नवा वाटेना, आणि काकू सोबत नाहीत म्हणून बघवेना. त्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. कौलं घसरलेली, दाराला गंजलेलं कुलूप. अंगण मात्र ताजं सारवलेलं आणि मधोमध रांगोळी! मी बघतच राहिले. शेजारच्या घरातून एक म्हातारी आली. आम्ही नगरहून आलो म्हटल्यावर तिनं डोळे बारीक केले. "घाटावरून? मंग तुमी अनशीकडनं आलाव." मी गोंधळले. काकूंचं नाव शालिनी. मी तसं सांगितलं, तर म्हातारी हसली. "शालिनी त्या लोकांनी ठेवली आसंल. आमची अनसूयाच. आंगन मीच सारवतंय दर सालाला. देवी येनार, तर आंगन नको?"

ढोल वाजत पालखी आली. पुढच्या घरी निघून जाते की काय, म्हणून मी अंगणाच्या कडेपर्यंत पुढे गेले. ती वळली. अंगणात आली, नाचली, टेकली. मी ओटी भरली. मानकऱ्यानं बंद दाराकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, ह्या घराला कुलूप हाय. घरचा ल्योक मुंबैला हाय. घरची लेक अनसूया घाटावर दिलेली हाय. जिथं आसंल तिथं तिला सुकात ठेव, तिच्या धन्याला राख, नि तिची वाट मोकळी कर, म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय, म्हाराजा!" मी म्हातारीला विचारलं, "आज मी आले म्हणून का?" ती म्हणाली, "तुमी आज आलाव. गाऱ्हानं दर सालाला आसतंच."

नगरला पोचले ती एस.टी. स्टँडवरून तशीच काकूंकडे गेले. काकू काकांना पेज भरवत होत्या. वाटी खाली ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. मी अंगणाची रांगोळी सांगितली, म्हातारी सांगितली, पालखी टेकली ते सांगितलं आणि मग गाऱ्हाणं आठवेल तसं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. "घरची लेक अनसूया" म्हटल्यावर काकूंनी पदर तोंडाला लावला. लग्नात काकांनी तांदळात शालिनी लिहिलं, तेव्हापासून अनसूया या नावानं त्यांना इकडे कुणी बोलावलं नव्हतं. आईवडील होते तोवर पत्रातून तरी यायचं. त्यानंतर तेही नाही. आणि तिकडे मात्र बंद दारासमोर साऱ्या गावात दर वर्षी ते घेतलं जात होतं. खाटेवर काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला त्यांचा उजवा हात उचलत नव्हता.

मग काकू म्हणाल्या, "एकदा नावानं हाक मार गो मला."

आईच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारायची! "काकू, कसं बरं दिसेल?" मी म्हटलं.

"दिसू दे. मार. मोठ्यानं मार, तिकडं मारतात तशी."

मी उठून दारात गेले, अंगणात उतरले आणि सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात हाक मारली, "अनसूयाऽऽ!"

आणि आतून काकूंनी ओ दिली. मी त्यांचा तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. खेळता खेळता लांब गेलेली पोर घरच्या हाकेला देते, तशी ती ओ होती.