सोनेरी गोळा

ऐन फायनलमध्ये मीच पायाने माझ्या जॉयस्टिकची वायर उपटली, आणि मला पत्ताच नव्हता. मी जीव खाऊन बटणं दाबत होतो आणि पडद्यावर माझा गडी पुतळ्यासारखा उभा होता. जिंकणारा नागपूरच्या स्पर्धेला जाणार होता. मी तर मोहल्ल्यात ‘चाललो नागपूरला’ असं सांगूनही बसलो होतो.

समोर होता राईस मिलचा हमाल. दर रविवारी तो गोंदियाच्या आमच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये येई, खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर पसरून त्यावर जॉयस्टिक ठेवी आणि पोती उचलणाऱ्या बोटांनी बटणं इतकी हळू दाबी, की बाळाचे गाल वाटावेत. स्वतःच्या गड्याला सांगे, “सबूर बाबू, सबूर.”

त्या खेळात वेगवेगळ्या गेममधले हिरो एका कड्यावर एकत्र लढत; खाली पडला तो हरला. मध्येच एक सोनेरी गोळा तरंगत येई. जो तो फोडेल, त्याचा गडी काही सेकंद राक्षसाएवढा होई.

गोळा त्याने फोडला. आता एकच ठोसा आणि मी संपलो! पण त्याने जॉयस्टिक खाली ठेवली.

“काऊन गा, तुझा गडी हालून नाही राहिला?”

तो टेबलाखाली वाकला, वायर शोधली, फुंकून नीट बसवली. वर आला तोवर त्याच्या गड्याची सगळी ताकद उतरली होती.

“खेळ आता,” एवढंच म्हणाला.

पुढचा गोळा मी फोडला. माझा गडी अवाढव्य झाला आणि मी हर्षाने असा धावलो, की थेट कड्यावरून खाली.

त्याने दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

“आता त वायर लागून होती ना गा?”