काकूंचा ओटा डिस्कवर बसेना

मंडळी, आजची सुट्टी एका पिक्चरनं खाल्ली.

पुसदकडच्या आमच्या जुन्या गावात आम्ही मित्रांनी हौसेनं एक पिक्चर काढला होता. पुढं ते गाव धरणाच्या पाण्यात गेलं. आता ज्या हार्ड डिस्कवर तो पिक्चर आहे, ती खरखर करायला लागली. म्हणून आज डीव्हीडीवर उतरवायला बसलो.

एच-२६५ या नव्या फॉरमॅटमध्ये चित्र स्वच्छ आलं, फाइलही लहान झाली. पण त्याच गावच्या, आता शेजारी राहणाऱ्या गंगाकाकूंनाही पिक्चर बघायचा होता, आणि त्यांचा जुना प्लेअर ती उघडेचना. मग जुन्या एमपेग-२ मध्ये दाबून अख्खा पिक्चर एका डिस्कवर बसवला. तो चालला. चेहरे ठीक दिसत होते. म्हटलं, सुटलो.

काकू म्हणाल्या, "हिरोच्या मागं माह्या घराचा ओटा होता. तो काहून पुसला?"

खरंच, फाइल दाबताना मागच्या भिंती, ओटे सगळं मातकट रंगात विरघळून गेलं होतं.

"काकू, फाइल कमी दाबाची तं मंग दोन डिस्का लागतीन. मधात उठून बदलवा लागीन."

"लागू दे. बदलवीन मी."

पुन्हा बसलो. संध्याकाळी त्यांच्याकडे पहिली डिस्क लावली. ओटा दिसला, त्यावर वाळत घातलेली तूरसुद्धा. काकूंनी तिथंच थांबवायला सांगितलं आणि बघत बसल्या. दुसरी डिस्क लावायची वेळच आली नाही.

आता डोळे चुरचुरताहेत, मान धरली आहे. तुमच्या घरच्या जुन्या शूटिंगमध्ये माणसांच्या मागं काय काय दिसतं, कधी पाहिलंय का?